रुक्मिणी : पोथीतली आणि पोथीबाहेरची

आमच्या वर्गात सध्या ज्या कादंबऱ्यांची देवाणघेवाण चालते, त्या बहुतेक इंग्रजी मालिका आहेत. त्यांत एखादे महानगर असते. रेल्वे, कचेऱ्या, रात्रभर जळणारे दिवे सारे आपल्या ओळखीचे. पण त्याच गर्दीत कोणी यक्ष, कोणी वेताळ, कोणी शापित गंधर्व माणसाच्या वेशात वावरत असतो. मग एक साधी मुलगी या अद्भुतात ओढली जाते. पहिल्या भागात ती घाबरते, दुसऱ्यात प्रेमात पडते, चौथ्या-पाचव्या भागापर्यंत स्वतःच्या पायांवर उभी राहून शत्रूला आणि प्रियकरालाही दोन शब्द सुनावते. मैत्रिणीच्या मोबाईलवर मी अशा दोन मालिका वाचल्या. गोडी लागली हे कबूल केले पाहिजे.

मराठीत असे काही आहे का, असा विचार मनात आला. नारायण धारपांच्या समर्थकथांत शहरातल्या साध्या घरांत अमानवी शक्ती शिरतात, पण त्या मालिकेचा केंद्रबिंदू समर्थ आहेत. भागागणिक वाढत जाणारी नायिका मला हवी होती. शोध घेता घेता ध्यानात आले की ती आपल्याच जिल्ह्यातली आहे. तिची मालिका एका लेखकाची नाही. सातशेहून अधिक वर्षे निरनिराळ्या मराठी कवींनी आणि कवयित्रींनी तिचे भाग पुढे लिहिले आहेत. ही नायिका म्हणजे कुंडिनपूरच्या भीष्मक राजाची कन्या रुक्मिणी.

कुंडिनपूर म्हणजे तिवसा तालुक्यातले, वर्धा नदीच्या काठावरचे आजचे कौंडण्यपूर, असे परंपरा मानते. बडनेऱ्याहून अमरावतीला जावे आणि तेथून पुढे साधारण चाळीस किलोमीटर. १९६० नंतरच्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहन काळाच्याही मागच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. त्यावरून रुक्मिणी सिद्ध होत नाही, पण नगर जुने होते एवढे खरे. विदर्भाला अशा नायिकांचे वरदानच असावे. नलाची दमयंती इथली, रघुवंशातली इंदुमती इथली, अगस्त्यांची लोपामुद्राही इथल्याच राजवाड्यात वाढली. मात्र या सर्वांत स्वतःच्या लग्नाचा बेत स्वतः आखून कळवणारी एकटी रुक्मिणीच.

आता या विषयाकडे वळण्याचे खरे कारण सांगते. संत एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' १५७१ साली काशीत पूर्ण झाले. त्याचे अठरा प्रसंग आहेत. कुमारिकेने या पोथीची पारायणे केली की तिचे लग्न जमते असा प्रघात महाराष्ट्रात दूरवर आहे. आमच्या आत्याबाईंनी गेल्या दिवाळीनंतर ही पोथी लाल फडक्यात बांधून माझ्यासाठी आणली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. बाबा हमाली करतात, त्यांना सही करता येते. मायला तेही येत नाही. त्यामुळे पोथी माझ्या लग्नासाठी, वाचणारी मी आणि ऐकणारी माय, असा क्रम सुरू झाला. दादाने मूर्तिजापूरकडचे एक स्थळ पाहिले आहे. मुलगा चांगला आहे, दादाचा हेतूही चांगला आहे. मला बी.ए. पुरे करून बी.एड. करायचे आहे, म्हणजे अजून तीन-चार वर्षे. एवढ्या पार्श्वभूमीवर मी ही पोथी वाचू लागले आणि पहिल्याच आठवड्यात चकित झाले. घरच्यांनी ठरवलेले लग्न नको म्हणणाऱ्या मुलीची ही गोष्ट, घरच्यांनी ठरवलेले लग्न जमावे म्हणून वाचली जाते!

मूळ कथा भागवताच्या दशम स्कंधात आहे. रुक्मिणीने कृष्णाला पाहिलेले नाही. राजवाड्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून तिने त्याच्या रूपाचे, पराक्रमाचे वर्णन ऐकले आणि हाच आपल्याला योग्य असे मनाशी ठरवले. घरातल्या बाकीच्यांचाही याला विरोध नव्हता. विरोध होता तो थोरल्या भावाचा, रुक्मीचा. त्याने चेदीचा राजा शिशुपाल निवडला. भीष्मक राजा पुत्रप्रेमापुढे नमला आणि लग्नाची तयारी सुरू झाली. येथवर रुक्मिणी केवळ श्रोती आहे. दुसऱ्यांनी बोलावे, तिने ऐकावे. मालिकेच्या पहिल्या भागातली नायिका अशीच असते.

तिची वाढ सुरू होते ती पत्रापासून. एका विश्वासू ब्राह्मणाला ती द्वारकेला पाठवते. नाथांनी त्याचे नाव सुदेव दिले आहे. भागवतात या निरोपाचे सात श्लोक आहेत. सातांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी ती आपले मन कसे गुंतले ते सांगते, आणि मन निर्लज्ज झाले आहे असे स्वतःच म्हणते. मग, कोणती कुलीन मुलगी तुला वरणार नाही, असा सवाल टाकते. नंतर स्पष्ट शब्दांत, मी तुला पती म्हणून वरले आहे, आता सिंहाच्या वाट्याला कोल्ह्याने शिवू नये, असे बजावते. केलेल्या व्रता-दानांची साक्ष काढते. पाचव्या श्लोकात भाषा एकदम बदलते. लग्नाच्या आदल्या दिवशी गुप्तपणे ये, सेनापती बरोबर आण, चेदी आणि मगधाचे सैन्य मोड आणि मला घेऊन जा! सहाव्यात ती कृष्णाला पडणारी अडचण आधीच ओळखते. अंतःपुरातल्या मुलीला तिच्या आप्तांना न मारता बाहेर कसे काढायचे? तर आमच्या कुळाचार असा आहे की लग्नाच्या आदल्या दिवशी वधू गावाबाहेरच्या अंबिकेच्या दर्शनाला जाते, तेथे ये. सातव्यात शेवटचा निर्धार आहे. तू आला नाहीस तर मी प्राण सोडीन, शंभर जन्म लागले तरी चालतील.

आमच्या पाठ्यपुस्तकांत रुक्मिणीच्या पत्राचे वर्णन 'भक्तीने ओथंबलेले' असे येते. तसे ते आहेच. पण मला त्यातला सहावा श्लोक सर्वांत मोलाचा वाटतो. प्रेमात पडणाऱ्या नायिका पुष्कळ. मात्र जागा, दिवस, वाट, फौज आणि आप्तांचे प्राण या सर्वांचा हिशोब एका निरोपात बसवणारी विरळा. हरण कृष्णाने केले असे आपण म्हणतो, पण त्याचा आराखडा कुंडिनपुरातच तयार झाला होता.

पत्राचा भाग वाचून झाला त्या संध्याकाळी मायने एकच प्रश्न विचारला. "तिले लिवता येत व्हतं काय वं, बाई?"

मी म्हणाले, "पत्र लिहिलं म्हणजे येतच असंन, माय."

"मंग तिच्या मायले?"

याचे उत्तर नाथांच्या पोथीत नाही. पुढे मूळ भागवताचे भाषांतर काढून पाहिले तेव्हा एक गंमत दिसली. तेथे 'पत्र' असा स्पष्ट उल्लेख नाही. ब्राह्मण कृष्णाला सांगतो की हे गुप्त संदेश मी आणले आहेत. म्हणजे ते लेखी होते की त्याने पाठ करून नेले, हे मोकळे राहते. मराठी कवींच्या हाती आल्यावर त्याची पत्रिका झाली आणि रुक्मिणी लिहिती झाली. मायला मी तसे सांगितले. ती म्हणाली, "बरं केलं त्याइनं."

पत्र पाठवल्यावर वाट पाहणे आले. भागवतकारांनी हा भाग थोडक्यात आटोपला आहे. लग्न उद्यावर आले, ब्राह्मण परतला नाही, माझ्यात काही उणे दिसले म्हणून तो येत नसेल का, अशा शंका तिला येतात. मग डावा डोळा लवतो, ब्राह्मण येतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच ती ओळखते. नरेंद्र कवीने मात्र विरहाला मनसोक्त जागा दिली. तेराव्या शतकाच्या अखेरीस, देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या काळात, त्याने 'रुक्मिणीस्वयंवर' रचले. चंदन पोळते, चांदणे भाजते, शीतल उपचारांनी ताप वाढतो, अशा वर्णनांनी ते काव्य नटलेले आहे. अलंकारांची ही रेलचेल मला मधूनमधून जड गेली. परीक्षेला हा भाग आवडीचा असतो हे ठाऊक असूनही लिहिते. राजाने हे काव्य आपल्या नावावर करून मागितले, ओवीमागे सोन्याचे नाणे देऊ केले, पण आपल्या कविकुळाला बोल लागेल म्हणून नरेंद्राने नकार दिला, अशी आख्यायिका महानुभाव परंपरा सांगते. नायिकेचा हट्ट कवीलाही लागला असावा.

नरेंद्राच्या थोडे आधी रिद्धपूरला एक वेगळीच घटना घडली होती. महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू तेथे राहत. त्यांना एकदा लग्नाची लहर आली, आणि त्या लीलेच्या निमित्ताने महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायिले. धवळे म्हणजे लग्नात बायकांनी म्हणायची वराची गाणी. चक्रधरांना सतत प्रश्न विचारून ज्ञान मिळवणारी ही स्त्री मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. तिच्या नावावर 'मातृकी रुक्मिणीस्वयंवर' ही आणखी एक रचना आहे. याच रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. मराठीतल्या पहिल्या कवयित्रीने पहिली नायिका म्हणून रुक्मिणीला निवडावे आणि तेही आपल्या अमरावती जिल्ह्यात, याचा मला अभिमान वाटतो. महदंबेची शब्दकळा साधी आहे. लग्नघरात बसून बोलावे तसे ती बोलते. नरेंद्रानंतर तिच्याकडे आले की माजघरात आल्यासारखे वाटते.

नाथांनी या कथेला अध्यात्माचे अंग दिले. त्यांच्या दृष्टीने रुक्मिणी हा जीव, कृष्ण हा परमात्मा आणि लग्न म्हणजे त्यांचे ऐक्य. पण नाथ संसारी संत होते. हळद, मांडव, पंगती, विहिणींचे मानपान, रुसवे-फुगवे यांची वर्णने ते अशा रंगाने करतात की माय मध्येच हसून "आपल्या इकडं बी असंच" म्हणते. ऐक्याचा अर्थ मी तिला समजावून देऊ पाहिला. तिला तो माझ्याहून लवकर समजला असे मला वाटते.

आता देवळाचा प्रसंग. रुक्मिणी पायी निघते, कोणाशी बोलत नाही, भोवती सशस्त्र सैनिक आहेत. वडीलधाऱ्या बायका तिला पूजा सांगतात. ती अंबिकेला मागते ते कृष्णच. बाहेर आल्यावर डाव्या हाताने केस मागे सारून ती जमलेल्या राजांकडे पाहते, आणि त्यांत तिला कृष्ण दिसतो. हे देऊळ कोणते यावर आपल्याकडे दोन मते आहेत. अमरावतीकर म्हणतात आमची अंबादेवी. कौंडण्यपूरकर म्हणतात गावाबाहेरचे देऊळ म्हणजे आमचेच. मला वाद मिटवण्याचा अधिकार नाही. अंतराचा विचार केला तर नवरी पायी गेली होती, एवढे मात्र लक्षात घ्यावे.

येथे अनेक कथा संपल्या असत्या. नायक आला, रथ उधळला, शेवट गोड. पण रुक्मिणीची खरी परीक्षा रथात बसल्यावर सुरू होते. पाठलाग करणाऱ्या सैन्याचे बाण पाहून ती घाबरते, कृष्ण हसून धीर देतो. मग रुक्मी येतो. बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही अशी प्रतिज्ञा करून तो आलेला आहे. तो हरतो, कृष्ण तलवार उपसतो, आणि रुक्मिणी पाय धरते. माझ्या भावाला मारू नकोस. ज्याने तिचे लग्न मोडायला निघावे, त्याच्यासाठी ती नवऱ्याच्या पाया पडते. कृष्ण त्याला बांधून त्याचे केस आणि मिशा अर्धवट भादरतो. ही विटंबना बलरामाला रुचत नाही. आप्ताला विद्रूप करणे म्हणजे त्याला मारण्यासारखेच, असे तो धाकट्या भावाला सुनावतो.

या प्रसंगाबद्दल वर्गात बोलताना एक मैत्रीण म्हणाली की रुक्मिणी येथे दुबळी पडली. मला तसे वाटत नाही. पत्रातच तिने लिहिले होते की आप्तांना न मारता मार्ग काढ. भाऊ जिवंत राहावा हा तिच्या बेताचा भाग होता, आणि ऐन रणांगणात तिने तो निभावून नेला. प्रेमाच्या कथेत भाऊ केवळ खलनायक म्हणून उभा करणे सोपे असते. रुक्मिणीला तो खलनायक वाटत नाही. मलाही दादा तसा वाटत नाही. त्याने आठवीत शाळा सोडली तेव्हा माझी पाचवीची फी भरायची होती.

हरलेला रुक्मी प्रतिज्ञेमुळे घरी गेला नाही. त्याने भोजकट नावाचे नवे नगर वसवले. भोजकट म्हणजे आपल्या बडनेऱ्याजवळची भातकुली, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे बहिणीचे माहेर एका बाजूला, रुसलेल्या भावाचे गाव दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या टापूत आमचे रेल्वे जंक्शन!

पुढचा भाग द्वारकेत घडतो आणि तो फारसा कोणी वाचत नाही. एकदा रुक्मिणी कृष्णाला वारा घालत असते. तो थट्टेने म्हणतो, आम्ही निर्धन, राजांच्या भीतीने समुद्रात दडलेले; तू चुकलीस, अजूनही एखादा तोलामोलाचा राजा बघ. तिच्या हातातला पंखा गळून पडतो आणि ती मूर्च्छित होते. कृष्ण तिला सावरतो, डोळे पुसतो, तू काय बोलतेस ते ऐकायचे होते म्हणतो. मग ती बोलते, आणि त्याने स्वतःला लावलेले एकेक दूषण उचलून त्याचा अर्थ उलटवते. तू निर्धन खरा, कारण तुझ्यावाचून वेगळे असे काही उरतच नाही, अशा चालीने. पहिल्या पत्रात विनवणी होती, व्रतांची साक्ष होती. येथे ती वादात उतरली आहे आणि जिंकली आहे. मला विचाराल तर कथेतला प्रणय येथे परिपक्व झाला. कृष्णही म्हणतो की प्रियेशी थट्टा-विनोदात वेळ जावा हाच गृहस्थाचा मोठा लाभ.

यानंतरची गोष्ट वाचताना मात्र मन उदास झाले. रुक्मीने बहिणीच्या मनासाठी म्हणून आपली नात रोचना तिच्या नातवाला, अनिरुद्धाला दिली. लग्न भोजकटातच झाले. वऱ्हाड जमले असता द्यूताचा डाव मांडला गेला, खोटेपणा झाला, उपहास झाला आणि चिडलेल्या बलरामाने रुक्मीला ठार केले. ज्या भावासाठी तिने पाय धरले होते, तो असा नातवाच्या लग्नात गेला. भागवत सांगते की कृष्ण बरे-वाईट काहीच बोलला नाही. एका बाजूला रुक्मिणी आणि दुसऱ्या बाजूला बलराम, कोणाचाच स्नेह मोडू नये म्हणून. रुक्मिणी काय बोलली? तिच्या तोंडी एकही शब्द नाही. सात श्लोकांचा निरोप लिहिणारी, कृष्णाला उत्तर देणारी ही स्त्री येथे गप्प आहे, आणि कवीने तिला का गप्प ठेवले याचा विचार करीत मी पुष्कळ दिवस घालवले. मायला हा भाग वाचून दाखवला नाही. तो नाथांच्या पोथीत येतही नाही, तेव्हा तसे करणे जमून गेले.

मराठी बायांनी मात्र तिला गप्प राहू दिले नाही. पंढरपूरच्या परंपरेत राधेवरून रागावलेली रुक्मिणी द्वारका सोडून दिंडीरवनात येते आणि तिला शोधत कृष्ण मागे येतो. ज्याच्यासाठी घर सोडले त्याचेही घर ती सोडू शकते. जात्यावरच्या ओव्यांत तर रखुमाईचे रुसणे, जनीवरून आणि तुळशीवरून भांडणे, बुक्क्याने मळलेल्या विठूला टोकणे असे नाना प्रकार आहेत. आमची आजी दळताना म्हणायची त्यांतल्या दोन-तीन ओव्या मायला अजून पाठ आहेत. पंढरपुरात रखुमाईचे देऊळ विठ्ठलाच्या शेजारी नाही, त्याच आवारात पण वेगळे आहे. कवी अरुण कोलटकर यांच्या 'चिरीमिरी' (२००३) या संग्रहातील 'वामांगी' या कवितेत देवळात गेलेल्या माणसाला विठ्ठल दिसत नाही, रखुमाई तेवढी दिसते, आणि ती आपल्या युगायुगांच्या एकटेपणाविषयी घरगुती भाषेत बोलते. या मालिकेतला मला ठाऊक असलेला हा सर्वांत अलीकडचा भाग.

माहेरची माणसे तिला विसरलेली नाहीत. कौंडण्यपूरहून दरवर्षी आषाढीसाठी तिच्या नावाची पालखी पंढरपूरला निघते. चारशे वर्षांहून जुनी ही परंपरा सांगतात, आणि रुक्मिणीच्या माहेरची म्हणून तिला मान असतो. बाया वाटेत पालखीला ओटी भरतात. यंदा आत्याबाई जाणार आहेत.

पोथीचे आमचे चौदा प्रसंग झाले, चार उरले आहेत. दादाला मी पत्राचा भाग स्वतः वाचायला सांगितला. तो सावकाश, अक्षर लावत वाचतो. रविवारी वाचून झाल्यावर त्याने पोथी बंद केली आणि बी.एड.चा अर्ज कधी भरायचा असतो ते विचारले. स्थळाकडच्यांना काय कळवायचे ते अजून ठरायचे आहे.